संस्था-समीक्षा

म्युझियम, गॅलरी, ट्रस्टी, स्पॉन्सर या सगळ्या यंत्रणेलाच कलाकृतीचा विषय करायचा, पैसा कुठून येतो, कोणाचं काम भिंतीवर लागतं आणि कोणाचं गोदामात पडून राहतं ते प्रेक्षकांपुढे ठेवायचं, अशी समकालीन कलेतली एक पद्धत. शैलीवरून ती ओळखता येत नाही, फोटो, मतपेट्या, गाईडेड टूर असं काहीही चालतं.

सुरुवात नेमकी कधीची यावर एकमत नाही. बरेच जण साधारण १९६८ ते १९७१ हा काळ धरतात, म्हणजे बेल्जियन कलावंत मार्सेल ब्रोदार्सने १९६८ मध्ये ब्रसेल्सला राहत्या घरातच एक काल्पनिक म्युझियम थाटलं तिथपासून. नाव छापून पहिल्यांदा कोणी वापरलं हाही वादच आहे. अमेरिकन कलावंत अँड्रिया फ्रेझरच्या १९८५ च्या लेखाचा हवाला दिला जायचा, पण कलावंत मेल रॅम्सडेनच्या १९७५ च्या लिखाणात ते आधीच आहे, आणि कला-इतिहासकार बेंजामिन बुकलोच्या १९९० च्या निबंधानंतर ते पक्कं रुळलं हे म्हणणं जास्त पटतं. थोडक्यात, आज ज्यांना जनक म्हणतात त्यांनी काम केलं तेव्हा हे लेबलच नव्हतं.

सगळ्यात जास्त चर्चा जर्मन कलावंत हान्स हाकेची. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) मध्ये त्याने दोन पारदर्शक पेट्या ठेवल्या आणि प्रेक्षकांना विचारलं, गव्हर्नर रॉकफेलर राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या इंडोचायना (म्हणजे व्हिएतनाम युद्धाच्या) धोरणाचा निषेध करत नाहीत म्हणून तुम्ही त्यांना मत नाकाराल का. रॉकफेलर निवडणुकीला उभे होते आणि मोमाचे ट्रस्टीही होते. ‘हो’ची पेटी दुपटीने भरली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्याच गुगेनहाइम म्युझियमने त्याचं अख्खं प्रदर्शनच रद्द केलं, कारण त्यात शहरातल्या एका मालक-गटाच्या १४२ मालमत्तांचे फोटो आणि व्यवहार मांडले होते (सगळी माहिती सरकारी दप्तरातली, म्हणजे कोणालाही मिळाली असती), आणि क्युरेटर एडवर्ड फ्रायने हाकेची बाजू घेतली तर त्यालाच काढलं.

गंमत म्हणजे मालमत्तांचं तेच काम २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने बार्सिलोनाच्या एका म्युझियमसोबत मिळून विकत घेतलं. संस्था टीका पचवून टाकतात ही तक्रार अशातूनच येते. फ्रेझरने २००५ मध्ये यावर लिहिलं की कलावंत संस्थेच्या बाहेर नाहीच, संस्था त्याच्यातच आहे. मुद्दा बिनतोड आहे, पण पुढे करायचं काय ते त्यातून फारसं कळत नाही.

अमेरिका-युरोपबाहेरचं उदाहरण म्हणून अर्जेंटिनातलं १९६८ चं ‘तुकुमान आर्दे’ देतात, तिथे कलावंतांनी गॅलरी सोडून थेट कामगार संघटनेच्या इमारतीत प्रदर्शन भरवलं. त्यातलं ब्युनोस आयर्समधलं प्रदर्शन सरकारी दबावाने लगेच बंद पडलं.

अलीकडे रोख देणगीदारांवर आहे. फोटोग्राफर नॅन गोल्डिनच्या गटाने २०१८ पासून म्युझियममध्ये घुसून देणगीदार सॅक्लर कुटुंबाच्या ओपिऑइड (व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक) औषधांतून आलेल्या पैशाविरुद्ध निदर्शनं केली. २०१९ मध्ये पॅरिसच्या लूव्रने आपल्या दालनांवरचं सॅक्लर हे नाव काढलं, २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट (मेट्रोपॉलिटन म्युझियम) ने. लूव्रने मात्र कारण दिलं की नाव लावायची २० वर्षांची मुदतच संपली होती, त्यामुळे श्रेय कोणाला यावर अजून वाद घालतात.