गॉना, वॉना आणि मधे घुसणारं क्रियाविशेषण

"आयॅम गॉना रिअली मिस यू." एअरपोर्टवरचा रडारडीचा सीन असला की कुणीतरी हे म्हणतंच, आपण शंभरदा ऐकलेलं असतं आणि कानाला कधीच काही खटकत नाही. पण गॉना म्हणजे गोइंग टू. त्यातला 'टू' खरं तर 'मिस'चा, आणि त्या दोघांच्या मधे 'रिअली' आरामात पाय पसरून बसलाय. यालाच स्प्लिट इन्फिनिटिव्ह म्हणतात, म्हणजे टू आणि क्रियापद यांच्या मधे क्रियाविशेषण घालणं, आणि दीडेकशे वर्षं लोकांनी यावरून एकमेकांना झापलंय.

मलाही झापलेलं आहे. पहिल्या नोकरीत मेलमधे "टू प्रॉपर्ली चेक द फाइल" असं लिहिलं तर सीनियरने प्रिंट काढून (हो, प्रिंट काढून!) लाल पेनाने गोल केला आणि म्हणाले, टू कधी तोडायचा नसतो. मग मी काही महिने "प्रॉपर्ली टू चेक" असं लिहीत होतो, आणि एकदा तर घाईत "टू चेक प्रॉपर्ली द फाइल" असंही लिहून गेलो, जे खरोखरच चुकीचं इंग्रजी आहे, कारण क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मधे असं क्रियाविशेषण घातलेलं इंग्रजीला अजिबात चालत नाही. म्हणजे जी चूक नव्हती ती टाळायला गेलो आणि खरी चूक करून बसलो.

आता हा नियम आला कुठून? सगळ्यात फेमस उत्तर म्हणजे लॅटिनमधून. लॅटिनमधे 'प्रेम करणे'ला 'अमारे' हा एकच शब्द, तो तोडता येत नाही, म्हणून पंडितांनी इंग्रजीतही तोडायचा नाही असं ठरवलं. गोष्ट भारी आहे, पण सुरुवातीला ज्यांनी तक्रार केली त्यांच्या लिखाणात लॅटिनचं नावच नाही. 1834 मधे अमेरिकेतल्या एका मासिकात कुणीतरी नुसतं 'पी' अशी सही करून याच्याविरुद्ध लिहिलं. 1864 मधे इंग्लंडमधल्या कँटरबरी कॅथेड्रलचे डीन, म्हणजे तिथले प्रमुख पाद्री, हेन्री आल्फर्ड यांनी आपल्या इंग्रजीवरच्या पुस्तकात लिहिलं की टू हा क्रियापदाचाच भाग आहे, तो वेगळा करता येत नाही, आणि असं मधे शब्द घालणं इंग्रजी बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांना माहीतच नाही. गंमत म्हणजे हे त्यांनी लिहिलं ते एका वाचकाने त्यांना पत्र पाठवून 'मी असंच लिहितो' म्हणून सांगितलं म्हणून! तो वाचक बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांत धरलेला नसावा.

आणि माहीत नाही कसं? जुन्या इंग्रजीत क्रियापदालाच शेवटी '-अन' लागायचं, आपल्या 'जाणे, खाणे'मधल्या 'णे'सारखं. मग हळूहळू शेवटची अक्षरं झिजली, आणि टू हे आधीच आजूबाजूला होतं, त्याने ती जागा घेतली. तेराव्या शतकापासून लोक त्या टूच्या पुढे शब्द घालायला लागलेत. मधली काही शतकं हे खूप कमी झालं, शेक्सपिअरमधे शोधून एखादं सापडतं, आणि अठराव्या शतकाच्या शेवटापासून परत वाढलं. वाढलं म्हणून डोळ्यात आलं, डोळ्यात आलं म्हणून नियम झाला, मला तरी असंच वाटतं.

पण आल्फर्ड साहेबांचा मुद्दा तपासू या, टू खरंच क्रियापदाला चिकटलेला आहे का? "तू येणार का?" असं विचारलं तर इंग्रज माणूस म्हणतो, "आय वॉन्ट टू." संपलं वाक्य, क्रियापद गायब आणि टू एकटाच उभा. 'कॅन गो', 'मस्ट गो' म्हणताना उलटं, क्रियापद आहे आणि टू नाही. आणि वॉना (वॉन्ट टू), गॉना, हॅफ्टा (हॅव टू) बघा, टू पुढच्या क्रियापदाला नाही तर मागच्या शब्दाला जाऊन चिकटलाय! म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडात त्यांचं लग्न लागलेलंच नाही, तर घटस्फोट कसला.

आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही. 'जायला', 'बघायला' हे सरळ एक शब्द, मधे घुसायला जागा नाही. पण क्रियाविशेषण कुठे बसतं ते बघा. "त्याने निघायचं गुपचूप ठरवलं" म्हटलं तर ठरवणं गुपचूप. "त्याने गुपचूप निघायचं ठरवलं" म्हटलं तर बहुतेक वेळा निघणं गुपचूप. ज्या क्रियापदाचं, त्याच्या लगेच आधी. इंग्रजीतही हीच ओढ आहे. "ही क्वाएटली डिसायडेड टू लीव्ह" म्हणजे ठरवणं गुपचूप, "ही डिसायडेड टू क्वाएटली लीव्ह" म्हणजे निघणं गुपचूप, आणि नियम पाळायला म्हणून "ही डिसायडेड क्वाएटली टू लीव्ह" केलं की नक्की काय गुपचूप ते कळायचं बंद. म्हणजे मराठी माणसाला आतून जे बरोबर वाटतं ते इथे खरंच बरोबर असतं! आणि "वुई एक्स्पेक्ट सेल्स टू मोअर दॅन डबल" घ्या, विक्री दुपटीपेक्षा जास्त वाढेल, यातलं 'मोअर दॅन' कुठेही हलवून दाखवा, नाही हलत.

'नॉट' मात्र जपून. "यू डोन्ट हॅव टू गो" म्हणजे जायलाच पाहिजे असं काही नाही, "यू हॅव टू नॉट गो" म्हणजे जायचंच नाही. आणि टूनंतर अख्खी मालगाडी घातली, पुढच्या आठवड्यात वेळ मिळाला तर वगैरे, तर वाचणारा क्रियापदाची वाट बघत बसतो, तिथे तोडू नये हे खरंच.

भीती किती खोल जाते याचं एक उदाहरण सांगतो. 20 जानेवारी 2009, ओबामांचा शपथविधी. शपथेत "विल फेथफुली एक्झिक्यूट" असं आहे, इथे तर टूचा संबंधही नाही. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी 'फेथफुली' उचलून वाक्याच्या शेवटी नेलं, ओबामा अडखळले, आणि दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमधे शपथ परत घ्यावी लागली. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांचा अंदाज असा की क्रियापदाचे तुकडे करायचे नाहीत ही शिकवणच तिथे आडवी आली. सिद्ध करता येणार नाही, पण मला पटतं, मी स्वतः ते महिने काढलेत.

ब्रिटनमधे लँकेस्टर विद्यापीठ आणि केंब्रिज प्रेसने रोजच्या बोलण्याची रेकॉर्डिंग गोळा केली, नव्वदीच्या सुरुवातीची आणि 2010 नंतरची अशी तुलना केली, तर स्प्लिट इन्फिनिटिव्ह जवळजवळ तिप्पट झालेत. इतकी वर्षं टाळत आलेल्या इकॉनॉमिस्ट या ब्रिटिश साप्ताहिकानेही 2018 मधे आपल्या स्टाइल गाइडमधे परवानगी देऊन टाकली.

आणि सगळ्यात प्रसिद्ध 'गुन्हा' म्हणजे 1966 च्या स्टार ट्रेक या टीव्ही मालिकेतलं "टू बोल्डली गो व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर". 1987 मधे नवी मालिका आली तेव्हा त्यांनी हे वाक्य दुरुस्त केलं. 'नो मॅन'च्या जागी 'नो वन' आलं. बोल्डली जिथे होतं तिथेच राहिलं.