टेप बॅकअप : घरगुती संगणकांवरील

घरगुती संगणकावरील माहितीची जादा प्रत चुंबकीय फितीवर उतरवून ठेवण्याची पद्धत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९० चे दशक संपेपर्यंत ती प्रचलित होती. मोठ्या कार्यालयांत आणि माहिती केंद्रांत फीत अजूनही वापरात आहे. घरातून मात्र ती जवळजवळ नाहीशी झाली असून आज जुने संगणक जपणाऱ्या हौशी मंडळींकडेच आढळते.

सुरुवातीच्या घरगुती संगणकांत बॅकअप ही वेगळी गोष्ट नव्हती. हार्ड डिस्क नसल्यामुळे कॅसेटवर जे असेल तेच मूळ, आणि दुसऱ्या कॅसेटवर उतरवले की त्याची प्रत तयार. नेहमीच्या टेपरेकॉर्डरवर शून्य आणि एक हे दोन वेगवेगळ्या स्वरांनी नोंदवण्याची एक सामाईक रीत कॅन्सस सिटी येथे १९७५ मध्ये झालेल्या बैठकीत ठरली. तिचा वेग सेकंदाला ३०० बिट होता. सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रमने (१९८२) हा वेग बराच वाढवला, तरी त्याची ४८ किलोबाइटची पूर्ण मेमरी फितीवर जायला पाच मिनिटांच्या आसपास लागत. कमोडोरच्या संगणकांना जोडल्या जाणाऱ्या डेटासेट या कॅसेट यंत्रणेचा स्वभाव अधिक सावध होता. ती प्रत्येक भाग फितीवर दोनदा लिही आणि वाचताना दुसऱ्या प्रतीच्या आधारे पहिलीतल्या चुका सुधारी. त्यामुळे तिचा वेग रखडला. लोकांना ही सावधगिरी महाग वाटली आणि वेग वाढवणाऱ्या ‘टर्बो’ प्रोग्रॅमांचा सुळसुळाट झाला.

या दोन्ही संगणकांच्या बेसिक भाषेत ‘व्हेरिफाय’ नावाची आज्ञा होती. जतन केलेला प्रोग्रॅम फितीवरून पुन्हा वाचून ती मेमरीशी ताडून पाही, आणि त्यासाठी जतन करायला लागला तेवढाच वेळ पुन्हा द्यावा लागे. घरगुती टेप बॅकअपच्या पुढच्या बहुतेक इतिहासात हाच पेच राहिला. फितीवर लिहिताना काही बिघडले तर ते बहुधा त्या वेळी कळत नाही, आणि वाचून पाहायला कोणाला सवड नसते.

हार्ड डिस्क घरात आल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलले. ४० मेगाबाइटच्या डिस्कची प्रत १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपींवर काढायची तर २८ फ्लॉपी एकामागून एक घालत बसावे लागे. विसावी खराब निघाली की सगळी मेहनत पाण्यात. यावर काही चमत्कारिक उपायही निघाले. ॲपल २ साठी हार्ड डिस्क बनवणाऱ्या कॉर्व्हस कंपनीने ‘मिरर’ नावाच्या उपकरणाने डिस्कची प्रत व्हिडिओ कॅसेटवर घेण्याची सोय केली, आणि पुढे कमोडोरच्या अमिगा संगणकासाठीही तशी साधने आली. घरात व्हीसीआर असेच, त्यामुळे कल्पना स्वस्तात पडणारी होती.

खरी चलती झाली ती पाव इंच फितीच्या कार्ट्रिजची. थ्रीएम कंपनीने १९७२ मध्ये आणलेले हे कार्ट्रिज क्यूआयसी (क्वार्टर-इंच कार्ट्रिज) या आद्याक्षरांनी ओळखले जाई. त्याची लहान आवृत्ती, म्हणजे डीसी २००० वर्गातील कार्ट्रिज, घरगुती पीसींच्या ड्राइव्हांत बसली. क्यूआयसी-४० मध्ये ४० मेगाबाइट मावत आणि क्यूआयसी-८० मध्ये ८०. लांब फीत घातली तर १२०. खोक्यावर मात्र २५० छापलेले असे. माहिती दाबून निम्म्या जागेत बसेल हे त्यात गृहीत धरलेले असे, आणि आधीच दाबलेल्या फायली असल्या की हा हिशेब कोलमडे. कोलोरॅडो मेमरी सिस्टिम्सचा ‘जंबो २५०’ हा या नावाच्या गंमतीचा प्रसिद्ध नमुना.

हे ड्राइव्ह स्वस्त होते, कारण त्यांना स्वतःचे वेगळे कार्ड लागत नसे. ते फ्लॉपीच्याच केबलला जोडले जात. पण फ्लॉपीच्या तारांवरून ‘फीत मागे घे’ असे सांगायचे कसे? यावरची युक्ती दाद देण्याजोगी आहे. फ्लॉपीचे हेड, म्हणजे माहिती वाचणारा-लिहिणारा भाग, एक घर सरकवण्यासाठी जी तार असते, तिच्यावर संगणक ठराविक संख्येने ठोके देई, आणि ती संख्या हीच आज्ञा. एक ठोका म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, तीन म्हणजे थांब, सहा म्हणजे तुझी अवस्था सांग. फ्लॉपीचे हेड पहिल्या मार्गावर आहे की नाही हे कळवणाऱ्या तारेवरून ड्राइव्ह एकेक बिट करून उत्तर पाठवी. दारावर टकटक करून चाललेला हा संवाद होता. फितीवरची मांडणीही फ्लॉपीसारखीच होती. सेक्टर, म्हणजे माहितीचे ठराविक आकाराचे कप्पे, आखून घ्यावे लागत, म्हणून कोरी फीत वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागे, आणि त्यात तासाहून अधिक वेळ सहज जाई. आधीच फॉरमॅट केलेल्या फिती विकत मिळत त्या याच कारणाने. चुकांची सोय मात्र चांगली होती. दर ३२ सेक्टरांपैकी २९ माहितीसाठी आणि ३ दुरुस्तीच्या संकेतांसाठी राखलेले असत.

फीत अखंड धावत राहावी अशीच या ड्राइव्हांची रचना असते. संगणक माहिती पुरवण्यात मागे पडला तर फीत थांबते, थोडी मागे जाते आणि पुन्हा वेग घेते. बूट पुसणाऱ्या फडक्यासारख्या या पुढे-मागे हालचालीने वेळ तर जातोच, शिवाय फीत आणि हेड दोन्ही झिजतात. मॅकिंटॉश आणि अमिगा ३००० सारख्या स्कझी (डिस्क, टेप वगैरे जोडण्याची स्वतंत्र पद्धत) जोडणी असलेल्या संगणकांना फ्लॉपीच्या तारांचा द्राविडी प्राणायाम करावा लागला नाही. ॲपलने १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी ४०एससी हा ड्राइव्ह काढला तोही डीसी २००० कार्ट्रिज वापरणारा होता. पुढे १९९५ मध्ये ट्रॅव्हन हा प्रकार आला आणि क्षमता शेकडो मेगाबाइटांवरून गिगाबाइटांवर गेली. पण कोरी सीडी स्वस्त झाल्यावर घरगुती टेपची सद्दी संपली.

जुना ड्राइव्ह आज हाती आला तर पहिला बळी बहुधा रबराचा गेलेला असतो. कार्ट्रिजच्या चाकाला टेकून फीत फिरवणारा रोलर वर्षांनुवर्षांत विरघळून डांबरासारखा चिकट होतो. हौशी मंडळी तो खरवडून काढतात आणि जागी रबरी नळीचा तुकडा किंवा योग्य मापाची रबरी कडी बसवतात. दुसरा नाजूक भाग कार्ट्रिजच्या आतच असतो. दोन्ही रिळांना एकाच वेळी फिरवणारा एक ताणलेला पट्टा त्यात असतो, आणि तो सैल पडतो, तुटतो किंवा फितीला चिकटून तिच्यावरचा चुंबकीय थर ओरबाडतो. तिसरा धोका कमी लोकांना ठाऊक आहे. या कार्ट्रिजमध्ये फितीचे टोक रिळाला पक्के बांधलेलेच नसते. टोकाजवळची भोके प्रकाशाच्या साह्याने ओळखून ड्राइव्ह थांबतो. त्या जागी धूळ बसली असेल तर तो थांबत नाही आणि फीत रिळावरून निसटून मोकळी होते.

म्हणून दुरुस्त केलेल्या ड्राइव्हात पहिल्यांदा बिनमहत्त्वाची फीत घालायची, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, आणि मगच मोलाच्या फितीला हात लावायचा. फीत एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत नेऊन परत आणण्याची, म्हणजे ताण सारखा करण्याची जुनी शिफारस डोळे मिटून पाळू नये. पट्टा चिकटलेला असेल तर याच फेरीत नुकसान होते.

ड्राइव्ह चालू झाला तरी माहिती हाती लागेलच असे नाही. फ्लॉपीच्या तारेवर चालणाऱ्या ड्राइव्हाला संगणकाच्या बोर्डावरचा किंवा कार्डावरचा खरा फ्लॉपी कंट्रोलर, म्हणजे फ्लॉपी चालवणारी चिप, लागतो. यूएसबी फ्लॉपीचा इथे उपयोग नाही. लिनक्समध्ये हे ड्राइव्ह चालवणारे ‘एफटेप’ नावाचे सॉफ्टवेअर होते, तेही २००७ मधील २.६.२० आवृत्तीत वगळले गेले. त्यातून प्रत्येक बॅकअप प्रोग्रॅमची दाबण्याची रीत निराळी असे. फीत कोणत्या प्रोग्रॅमने लिहिली हे लेबलावर कोणी लिहिलेले नसते, आणि तो प्रोग्रॅम पुष्कळदा त्याच फितीत बंद असतो. त्यामुळे अनुभवी माणसे आधी फितीवरचे सर्व सेक्टर जसेच्या तसे उतरवून घेतात आणि अर्थ लावण्याचे काम नंतर सावकाश करतात.

कॅसेटच्या बाबतीत हे काम सोपे आहे. आवाज म्हणून नोंदलेली माहिती कोणत्याही बऱ्या टेपरेकॉर्डरवरून ध्वनिफाइल म्हणून घेता येते आणि ती पुन्हा प्रोग्रॅममध्ये बदलणारी साधने उपलब्ध आहेत. अडचण आली तर ती बहुधा हेडच्या कलाची असते. मूळ यंत्राचे हेड किंचित तिरके असेल तर त्यावर भरलेली कॅसेट त्याच यंत्रावर नीट वाचली जाई, दुसरीकडे नाही. अशा वेळी हेडशेजारचा स्क्रू हळूहळू फिरवत, आवाज सर्वांत तीक्ष्ण कुठे लागतो ते कानाने टिपत त्या बिघडलेल्या यंत्राचा कल शोधून काढावा लागतो.