मेल सर्व्हरची निदान-माहिती

संथ झालेल्या मेल सर्व्हरचा दोष नेमका कोठे आहे हे ठरवण्यासाठी, तो संथ असतानाच त्याचे लॉग (घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी), टपालाच्या रांगेची स्थिती आणि प्रोसेसर, मेमरी, डिस्क व नेटवर्क यांची मापे एकाच कालावधीतील राहतील अशा रीतीने टिपून ठेवणे, यास निदान-माहितीचे संकलन म्हणतात. बोलण्यात यालाच ‘लॉग काढणे’ म्हटले जाते. वस्तुतः लॉग हा या माहितीचा एक भाग आहे. सर्व्हर रीस्टार्ट केल्यास संथपणा पुष्कळदा तात्पुरता जातो, परंतु चालू प्रक्रियांची स्थिती, उघड्या जोडण्या आणि मेमरीतील खुणाही त्याबरोबर जातात. आयुर्वेदाच्या निदानपंचकातील परिभाषा येथे बरीच जुळते : पूर्वरूप म्हणजे आधीची चिन्हे, रूप म्हणजे प्रकट लक्षण आणि उपशय म्हणजे उपचार करून पाहून केलेली परीक्षा. रीस्टार्ट हा उपशयाचा प्रकार असून तो रूप टिपून झाल्यावर करावयाचा असतो.

मेल सर्व्हरच्या नोंदींचा इतिहास सेंडमेल या प्रणालीशी निगडित आहे. एरिक ऑलमन यांनी ती कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे लिहिली आणि सिसलॉग ही नोंदपद्धतीही तिच्याच अनुषंगाने तयार केली. हे काम सामान्यतः १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातील मानले जाते. पुढे इतर युनिक्स कार्यक्रमांनीही सिसलॉग स्वीकारला, तरी त्याचे लेखी वर्णन २००१ मध्ये आणि प्रमाण रूप २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. नोंद कशाविषयी आहे हे सांगणाऱ्या त्यातील विषयक्रमांकांत कर्नल (प्रणालीचा गाभा) व वापरकर्त्याचे कार्यक्रम यांच्यानंतर लगेच, २ या क्रमांकावर टपाल येते, यात त्याच्या मूळ हेतूची खूण दिसते.

वीत्से वेनेमा यांच्या पोस्टफिक्स या प्रणालीने (१९९८) टपालाची रांग निरनिराळ्या भागांत विभागली आणि २.३ या आवृत्तीपासून प्रत्येक पत्राच्या विलंबाचे चार तुकडे लॉगमध्ये देण्यास सुरुवात केली : रांग-व्यवस्थापकाकडे पोहोचेपर्यंतचा वेळ, त्याच्याकडे थांबण्याचा वेळ, पलीकडच्या सर्व्हरशी जोडणी होण्याचा वेळ आणि प्रत्यक्ष पाठवण्याचा वेळ. उदाहरणार्थ, सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतून टेरी टॉवेल निर्यात करणाऱ्या एखाद्या कारखान्याचे पत्र परदेशी खरेदीदाराकडे १४ मिनिटांनी पोहोचले आणि विलंबाचे आकडे ०.१, ८४०, ०.४ व ०.८ सेकंद असे निघाले, तर इंटरनेटच्या जोडणीला दोष देण्यात अर्थ नाही. पत्र स्वतःच्याच सर्व्हरवर पडून होते. तिसरा आकडा मोठा असता तर डीएनएस (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी व्यवस्था) किंवा पलीकडचा सर्व्हर यांची चौकशी करावी लागली असती. रांगेतील पत्रे ५, १०, २० अशा दुपटीने वाढणाऱ्या मिनिटांच्या गटांत आणि पत्त्यातील डोमेननुसार मांडणारे क्यूशेप हे साधन याच प्रणालीबरोबर मिळते. अडकलेली बहुतेक पत्रे एकाच डोमेनची असतील, तर स्वतःच्या यंत्रात कारण शोधण्यापूर्वी तो डोमेन तपासणे इष्ट ठरते.

सर्व्हरवरील ताणाचे सर्वांत परिचित माप म्हणजे ‘लोड अॅव्हरेज’. ते बर्कली युनिक्सपासून चालत आले असा समज आढळतो. परंतु टेनेक्स या संगणक प्रणालीच्या लोड अॅव्हरेजची चर्चा १९७३ च्या एका आरएफसीमध्ये (इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतील टिपणात) आढळते, त्यामुळे त्याचे मूळ १९७० च्या दशकाच्या आरंभी, किंवा त्याही थोडे आधी, मानणे अधिक सयुक्तिक दिसते. तेथे त्याचा अर्थ स्पष्टपणे प्रोसेसरची मागणी, म्हणजे चालू होण्यास तयार असलेल्या प्रक्रियांची सरासरी संख्या, असा होता. लिनक्समध्ये १९९३ मधील एका बदलाने डिस्कच्या प्रतीक्षेत अडकलेल्या, मध्ये थांबवता न येणाऱ्या प्रक्रियाही या संख्येत मोजल्या जाऊ लागल्या. डिस्क मंद असताना ताण कमी दिसणे विपरीत आहे, असा या बदलामागचा विचार होता.

या बदलाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार त्यामुळे या मापाचा निश्चित अर्थच हरवला. दुसऱ्या मतानुसार ते केवळ प्रोसेसरचे न राहता संपूर्ण यंत्राचे माप झाले. मेल सर्व्हरच्या बाबतीत दुसरे मत अधिक उपयोगी ठरते, कारण पत्र स्वीकारल्याची पावती देण्यापूर्वी सर्व्हरला ते डिस्कवर खरोखर उतरवावे लागते आणि अडथळा बहुधा तेथेच निर्माण होतो. लोड ४० आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा, हे विचित्र वाटणारे चित्र मेल सर्व्हरवर मुळीच विरळ नाही. मात्र तो एकच आकडा कळवून भागत नाही. त्याबरोबर डिस्कच्या प्रतीक्षेचे माप हवे. २०१८ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स कर्नल ४.२० पासून प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांमुळे वाया जाणारा वेळ स्वतंत्रपणे मिळू लागल्याने हा वाद व्यवहारापुरता मागे पडला आहे.

मापे ठराविक अंतराने, पाच-दहा सेकंदांनी, सलग काही मिनिटे घ्यावी लागतात. व्हीएमस्टॅट या मापे दाखवणाऱ्या आज्ञेने दिलेली पहिली ओळ यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. तीच ओळ अहवालात चिकटवून पाठवण्याची चूक अनुभवी माणसांकडूनही होते. सर्व्हर सुरळीत चालू असतानाची मापे जवळ नसतील, तर तुलनेला आधार राहत नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद घेते, त्यामुळे अशा डिस्कवर प्रतिसादास १० मिलिसेकंद लागणे स्वाभाविक आहे. १०० लागणे नाही.

एकच पत्र दोनदा पोहोचणे हेही संथपणाचे लक्षण असू शकते. पत्राचा मजकूर संपल्यावर पावती मिळण्यासाठी पाठवणाऱ्याने किमान १० मिनिटे थांबावे, असे एसएमटीपी या ई-मेल पाठवण्याच्या नियमपद्धतीच्या प्रमाण दस्तऐवजात म्हटले आहे. स्वीकारणारा सर्व्हर त्याहून रेंगाळला तर पाठवणारा जोडणी तोडतो व पत्र पुन्हा पाठवतो, पण पहिली प्रत दरम्यान दाखल झालेली असते. १९८८ च्या एका आरएफसीमध्ये याचे विवेचन आहे.

झिंब्रासारख्या, जावा या संगणकभाषेवर आधारित मेल प्रणालींत वरील मापांखेरीज थ्रेड डम्प (कार्यक्रमाचे प्रत्येक थ्रेड, म्हणजे समांतर चालणारा धागा, त्या क्षणी कोठे आहे याची नोंद) घ्यावे लागतात. काही सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या तीन-चार डम्पांत तेच थ्रेड त्याच जागी अडकलेले दिसले, तरच त्यास पुरावा म्हणता येते. हे सर्व गोळा करण्यासाठी झिंब्रात झेडएमडायगलॉग ही आज्ञा आहे. हीप डम्प (कार्यक्रमाच्या मेमरीतील माहितीची प्रत) घेताना सेवा काही काळ थबकते व मोठी फाइल तयार होते, म्हणून डिस्कवरील मोकळी जागा आधी पाहणे आवश्यक असते. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या २०१३ पासूनच्या आवृत्त्यांत कार्यमापनाच्या दैनिक नोंदी आपोआप साठवल्या जातात.

हीप डम्पमध्ये पत्रांचा मजकूर व पासवर्डही असू शकतात; तो बाहेरच्या तज्ज्ञाकडे साध्या ई-मेलने पाठवणे धोक्याचे आहे. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सर्व्हरची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळती ठेवावी लागतात. जुळत्या घड्याळाचे महत्त्व निदानातही आहे : काही लॉग जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यामुळे सोलापुरात सायंकाळी ६ वाजता आलेली तक्रार त्यांत १२.३० च्या नोंदीत शोधावी लागते.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान वारंवार ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि कारखान्याच्या कार्यालयातच सर्व्हर ठेवला असेल तर कक्षाचे तापमान हीदेखील निदान-माहिती ठरते. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. पण त्याहून सहज निसटणारे कारण रेड कंट्रोलरच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या उपकरणाच्या) बॅटरीचे आहे. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते, ती क्षीण झाली की अनेक कंट्रोलर लिहिण्याची कॅश (नोंदी डिस्कवर जाण्यापूर्वीचा तात्पुरता साठा) बंद करून प्रत्येक नोंद थेट डिस्कवर उतरवू लागतात, आणि टपालाची रांग वाढू लागते. मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये याचा उल्लेखही नसतो. तो कंट्रोलरच्या स्वतंत्र नोंदींत पाहावा लागतो.