पेंडंटात नाही, बल्बात आहे क्वांटम

मागे आमच्या इकडच्या आठवडी बाजारात एक जण "क्वांटम एनर्जी"वालं पेंडंट विकत होता, गुडघेदुखी, शुगर, बीपी सगळ्यावर एकच इलाज म्हणे, आणि लोक घेतही होते. काहून बाप्पा? क्वांटम म्हटलं की आपल्या लोकांना काहीतरी मंतरलेलं वाटते. त्या दुकानावर टांगलेला एलईडी बल्ब मात्र खरोखर क्वांटमवर चालत होता, तिकडे कोणी पाह्यलं नाही.

या विषयातला माझा आवडता माणूस म्हणजे जपानचे लिओ एसाकी. १९५७ मध्ये, आज जिला सोनी म्हणतात त्या कंपनीत असताना त्यांनी जर्मेनियमच्या डायोडमध्ये (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पुर्जा) भेसळ मुद्दाम भरपूर वाढवली, तर व्होल्टेज वाढवलं की एका टप्प्यात करंट उलटा कमी होताना दिसला. इलेक्ट्रॉन वाटेतली ऊर्जेची भिंत चढून नाही, भिंतीतूनच पार होत होते. याला टनेलिंग म्हणतात, यावरच १९७३ चं नोबेल मिळालं. पण मला जास्त भारी वाटते ते पुढचं काम. १९६० मध्ये ते अमेरिकेत आयबीएमला गेले, आणि तिथे राफेल त्सू यांच्यासोबत कल्पना मांडली की दोन वेगवेगळ्या सेमीकंडक्टरचे पातळ थर आलटून पालटून रचायचे. एका नामी जर्नलने पेपर परत पाठवला, नुसती कल्पना आहे म्हणून! शेवटी १९७० मध्ये आयबीएमच्याच जर्नलात छापला.

आता थर पातळ केल्याने काय होते ते नीट पाहा. गॅलियम आर्सेनाइडचा थर घ्या, दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम मिसळलेल्या थरांच्या भिंती. इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो, आणि थर १० नॅनोमीटरचा असला (मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर) तर त्या जागेत बसतील तेवढ्याच लाटा चालतात, मधल्या नाही, म्हणून ऊर्जाही पायऱ्यापायऱ्यांनीच मिळते. हेच ते क्वांटम. भजनातल्या एकतारीची तार मधे दाबून आखूड केली की स्वर चढते, तसंच. थराची जाडी अर्धी केली की सगळ्यात खालची पायरी चौपट वर जाते: १० नॅनोमीटरला साधारण ०.०५६ इलेक्ट्रॉन व्होल्ट (इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजायचं माप), ५ ला ०.२२. हा हिशोब भिंती अनंत उंच धरून आहे, खऱ्या भिंतीत लाट थोडी झिरपते म्हणून आकडा कमी येते, शिवाय इलेक्ट्रॉनने सोडलेल्या रिकाम्या जागेच्या, म्हणजे होलच्या पायऱ्याही अशाच सरकतात. इलेक्ट्रॉन होलमध्ये पडला की प्रकाश निघते, म्हणून प्रकाशाची ऊर्जा ठरवताना दोन्ही धरावं लागते. थोडक्यात पदार्थ तोच, नुसती जाडी बदलली, आणि निघणारा प्रकाश अदृश्य इन्फ्रारेडकडून लाल रंगाकडे सरकला!

असे थर रचायचे कसे? अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत आल्फ्रेड चो आणि जॉन आर्थर यांनी जवळजवळ पूर्ण निर्वात पेटीत अणूंचे झोत सोडून, सेकंदाला साधारण एक अणुथर या वेगाने चढवायची पद्धत घडवली. गॅलियम आर्सेनाइडच्या अणूंच्या जाळीतल्या एका घराचं माप ०.५६५ नॅनोमीटर, ॲल्युमिनियम आर्सेनाइडचं ०.५६६, म्हणून थर एकमेकांवर बिनतक्रार बसतात. १९७४ मध्ये बेल लॅब्सच्याच रेमंड डिंगल यांच्या गटाला त्या पायऱ्या प्रकाश शोषताना दिसल्या.

घरच्या पांढऱ्या बल्बात पदार्थ वेगळा, इंडियम गॅलियम नायट्राइड, आणि थर अवघे २-३ नॅनोमीटरचे. त्यातून निळा प्रकाश येते, वरचा पिवळा लेप त्यातला काही पिवळा करते, दोन्ही मिळून पांढरा दिसते. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो, नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. आणि होंगशिंग जियांग, जिंग्यू लिन यांनी २००० मध्ये कॅन्ससला याच थरांपासून केसाच्या जाडीपेक्षा लहान दिवे बनवले, आज मायक्रोएलईडी म्हणून स्क्रीनसाठी गाजतात ते हेच.

आमच्याकडे व्होल्टेज सारखं वरखाली होते आणि बल्ब लवकर जातात, मग लोक एलईडीला शिव्या देतात. बहुतेक वेळा गेलेला असते तो आतला ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज एलईडीला चालेल अशी करून देणारं सर्किट, नाहीतर त्यातला कपॅसिटर. थर बहुधा शाबूतच असतात.