नाताळ आणि अजिंक्य सूर्याचा जन्मदिवस

नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. पोर्तुगीज ‘नाताल’चं मूळ लॅटिन ‘नातालिस’, म्हणजे जन्मदिवस. ख्रिस्ती सणांत ख्रिस्तपूर्व धर्मांचं किती उरलं आहे, हा वाद दर डिसेंबरात नव्याने पेटतो, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा याच शब्दाशी येऊन थांबतो.

इसवी सन ३५४मध्ये रोममध्ये फिलोकालस नावाच्या सुलेखनकाराने व्हॅलेंटिनस या श्रीमंत ख्रिस्ती गृहस्थासाठी एक सचित्र ग्रंथ तयार केला. आपल्या पंचांगाची आठवण व्हावी असा: सणवार, ग्रह, अधिकाऱ्यांच्या आणि बिशपांच्या याद्या. मूळ प्रत हरवली, नकलांच्या नकला उरल्या. त्यातल्या दिनदर्शिकेत २५ डिसेंबरपुढे ‘नातालिस इन्विक्टी’ अशी त्रोटक नोंद आहे. अजिंक्याचा जन्मदिवस. त्यानिमित्त रथांच्या ३० शर्यती. हा अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, सोल इन्विक्टस. सम्राट ऑरेलियनने २७४मध्ये रोममध्ये त्याचं भव्य मंदिर बांधलं होतं. याच ग्रंथात पुढे हुतात्म्यांच्या स्मृतिदिनांची यादी आहे, आणि तिची पहिलीच नोंद २५ डिसेंबरची आहे: यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला. एकाच ग्रंथात, एकाच तारखेला दोन जन्मदिवस.

इथून पुढे बहुतेक जण घाईने निष्कर्ष काढतात की चर्चने सूर्याचा सण उचलला आणि त्यावर येशूचं नाव लावलं. पण हुतात्म्यांची ती यादी मुळात ३३६ सालची मानली जाते, आणि सूर्याच्या २५ डिसेंबरच्या उत्सवाची ३५४च्या आधीची स्पष्ट नोंद सापडत नाही. म्हणजे कागदावर ख्रिस्ती नोंदच थोडी जुनी ठरते. दुसरा एक हिशेबही आहे. तेर्तुलियन या आफ्रिकेतल्या ख्रिस्ती लेखकाने इ.स. २००च्या सुमारास येशूच्या क्रूसावरील मृत्यूची तारीख २५ मार्च अशी दिली होती. मरियेच्या उदरी गर्भ राहिला तोही याच दिवशी, अशी पुढे समजूत रूढ झाली. त्यात नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडच्या काही मंडळ्यांनी एप्रिलची तारीख धरली आणि त्या ६ जानेवारीला पोचल्या. आर्मेनियन चर्च आजही त्याच दिवशी ख्रिस्तजन्म साजरा करतं.

मला मात्र या दोन बाजूंत वाटतो तेवढा विरोध दिसत नाही. रोमन गणनेत २५ मार्च हा वसंतसंपाताचा दिवस होता आणि २५ डिसेंबर उत्तरायणाचा. खरं उत्तरायण तेव्हाही त्याच्या काही दिवस आधीच होत होतं, पण परंपरेने धरलेला दिवस तोच राहिला, जसं आपण उत्तरायणाचा मान अजून संक्रांतीला देतो. उसना सण घेतला म्हणा किंवा गर्भधारणेपासून नऊ महिने मोजले म्हणा, मुळाशी सूर्यच आहे. रोममध्ये सेंट पीटर बॅसिलिकाच्या खाली सापडलेल्या दफनभूमीत एका छोट्या थडग्याच्या छतावर सोनेरी मोझेक आहे. रथात उभा तरुण, डोक्यामागे किरणं, भोवती द्राक्षवेल. हा सूर्य की ख्रिस्त? त्याच थडग्यात बायबलातला संदेष्टा योना आणि मेंढपाळ यांची चित्रं असल्यामुळे तो ख्रिस्त मानला जातो. पण चित्रकाराला ख्रिस्त दाखवताना हेच रूप हाताशी होतं, हे विसरता येत नाही.

या सरमिसळीची सर्वांत जास्त काळजी वाटत होती ती बिशपांना. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन नाताळच्या प्रवचनात बजावतो की हा दिवस सूर्यासाठी नव्हे, सूर्य ज्याने निर्मिला त्याच्यासाठी पाळा. पाचव्या शतकात पोप लिओ तक्रार करतो की बॅसिलिकेच्या पायऱ्या चढून आलेले ख्रिस्ती लोक दाराशी थांबतात, मागे वळतात आणि उगवत्या सूर्यापुढे मान लववतात. अर्घ्य देणारी माणसं पाहिलेल्याला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही.

धोरण म्हणून जुन्याला जागा देण्याचं स्पष्ट लेखी उदाहरण इंग्लंडकडे आहे. पोप ग्रेगरीने ६०१मध्ये केंटचा राजा एथेलबर्टला आधी लिहिलं होतं की मूर्तींची पूजा मोडून काढ, देवळं पाड. त्याच वर्षी, बराच विचार केल्याचं सांगून, त्याने मेलिटस या धर्मोपदेशकाला वेगळंच कळवलं. देवळं पाडू नका, फक्त मूर्ती काढा. पवित्र पाणी शिंपडा, वेदी उभारा, संतांचे अवशेष ठेवा. ओळखीची जागा असली की लोक येतील. ते देवांना बैल बळी देतात, तर हुतात्म्यांच्या सणाला चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालू द्या आणि तेच बैल देवाचे आभार मानून खाऊ द्या. कठीण मनातून सगळं एकदम कापून टाकता येत नाही. उंच चढणारा पायरी पायरीने चढतो, उड्या मारत नाही. हे पत्र बीड या इंग्रज भिक्षूने आपल्या इतिहासात जपून ठेवलं. त्यानंतर काही वर्षांनी, ६०९च्या सुमारास, रोममधलं पँथिऑन हे सर्व देवांचं मंदिर मरिया आणि हुतात्म्यांच्या नावाने चर्च झालं. ते अजून उभं आहे, ते बऱ्याच अंशी यामुळेच.

पण एवढ्यावरून प्रत्येक प्रथेला मूर्तिपूजक बाप शोधून द्यायची जी हौस आहे, ती मला मान्य नाही. ईस्टर म्हणजे बाबिलोनची देवी इश्तार, ही निव्वळ उच्चारसाम्याची कथा आहे. बीडने ७२५मध्ये एओस्त्रे देवीच्या नावाच्या महिन्यावरून हा शब्द आल्याचं लिहिलं. त्या देवीचा उल्लेख करणारा जुना लेखक तो एकटाच. शिवाय हे नाव इंग्रजी-जर्मनपुरतं आहे. बहुतेक भाषांत या सणाला ‘पास्का’चंच रूप आहे, गोव्यात ‘पास्कांचें फेस्त’. त्याचं मूळ ज्यूंचा पेसाख, मराठी बायबलातला वल्हांडण. ख्रिसमस ट्रीच्या स्पष्ट नोंदी सोळाव्या शतकातल्या जर्मनभाषक प्रदेशातल्या आहेत, म्हणजे तिथे ख्रिस्ती धर्म रुजून कैक शतकं उलटल्यानंतरच्या.

सेंट जॉनच्या सणाचं प्रकरण जास्त बोलकं आहे. सेंट जॉन म्हणजे येशूला बाप्तिस्मा देणारा योहान. तो येशूहून सहा महिन्यांनी मोठा, म्हणून त्याचा जन्म २४ जूनला, पुन्हा अयनदिनाच्या आसपास. त्या दिवशी ख्रिस्ती लोक जुन्या अंधश्रद्धेपायी समुद्रावर जाऊन स्नान करतात, म्हणून ऑगस्टीन त्यांना रागावला होता. युरोपात या सणाला होळ्या पेटतात, पोर्तुगालमध्ये त्यांवरून उड्या मारतात. गोव्यात भर पावसात सण येतो, तेव्हा डोक्यावर पानाफुलांचा ‘कोपेल’ घालून तरुण विहिरीत उड्या घेतात आणि नव्या जावयाचा मान होतो. योहानाची आई एलिझाबेथ हिच्या पोटात बाळाने आनंदाने उडी घेतली, त्याची ही आठवण, असं गोव्यात सांगतात.

ग्रेगरीचा समजूतदारपणा सगळीकडे टिकला नाही. गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६च्या फर्मानात ख्रिस्ती घरांना अंगणातली तुळस, धोतर-चोळी, अगदी बिनमिठाचा भातसुद्धा वर्ज्य केला. तरीही लग्नाआधी वधूवरांच्या अंगाला नारळाचा रस चोळायचा ‘रोस’ राहिला. मुंबईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे तिथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांत लग्नासाठी वाजतगाजत ‘उंबराचं पाणी’ आणणं राहिलं. आणि ऑगस्टात गोव्यातल्या गावोगावी पाद्री शेतात उतरून भाताची पहिली कणसं कापतो, ती आशीर्वादित करून चर्चमध्ये नेतात आणि घरोघरी वाटतात. त्याला ‘कणसांचें फेस्त’ म्हणतात. शेजारच्या हिंदू घरात त्याच सुमाराला नव्याचा सण असतो.