आना मान्यानी : रोमच्या बोलीतून आलेली अभिनेत्री

'द रोझ टॅटू'साठी मार्च १९५६ मध्ये आना मान्यानीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली इटालियन अभिनेत्री. तेव्हा ती ४८ वर्षांची होती आणि पडद्यावर येऊन तिला वीसेक वर्षं झाली होती. त्यातली पहिली दहा वर्षं तिचं काय करायचं हे सिनेमावाल्यांना कळलंच नव्हतं.

मान्यानी १९०८ ची, रोममधली. आजीने वाढवलेली. रीतसर नाट्यशिक्षण घेतलं, पण हाताशी आलं ते नाइटक्लबमधलं गाणं आणि रिव्ह्यू, म्हणजे गाणी आणि चुटक्यांची रंगमंचीय करमणूक. समोरचा प्रेक्षक टोमणा मारणार आणि नटीने तिथल्या तिथे, रोमच्या बोलीत, त्याला गप्प करायचं. युद्धकाळात तोतो या विनोदी नटासोबत तिने हेच गाजवलं. सिनेमात मात्र फॅसिस्ट राजवटीला बोलीभाषा नकोशा होत्या. त्या काळच्या चित्रपटांतल्या, पांढरे टेलिफोन मिरवणाऱ्या श्रीमंती दिवाणखान्यांत सगळे घोटीव इटालियन बोलत. तिथे विस्कटलेल्या केसांची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली ही बाई शोभणार कुठे? १९४१ मध्ये दिग्दर्शक दे सिकाने 'तेरेसा वेनेर्दी'त तिला भूमिका दिली, तीही रिव्ह्यूतल्या गायिकेचीच.

हे गणित उलटलं जर्मनांच्या ताब्यातल्या रोमची गोष्ट सांगणाऱ्या 'रोम, ओपन सिटी' या चित्रपटाने. जर्मन सैन्य जून १९४४ मध्ये रोममधून गेलं आणि जानेवारी १९४५ मध्ये दिग्दर्शक रोसेलिनीने चित्रण सुरू केलं. रोमच्या चिनेचित्ता या मोठ्या चित्रपट स्टुडिओत निर्वासितांची छावणी होती, म्हणून व्हिया देल्यी आव्हिन्योनेझी या रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये सेट उभारले आणि बाकीचं रस्त्यावर. कच्ची फिल्म मिळेल तशी गोळा केलेली, त्यामुळे चित्राचा पोत सारखा नाही. चित्रणाच्या वेळी ध्वनिमुद्रण नव्हतंच. संवाद नंतर डब केले. डबिंगमध्ये बहुतेकदा श्वास हरवतो: ओठ जुळतात, पण शरीराचा ताण आवाजात येत नाही. मान्यानीने साकारलेली पीना जर्मनांनी धरून नेलेल्या आपल्या नवऱ्या मुलाच्या नावाने ओरडत ट्रकमागे धावते, त्या प्रसंगात तो हरवत नाही. पुढच्या क्षणी गोळी लागते. पीना चित्रपटाच्या मध्यातच संपते, तरी लक्षात राहते तीच. या पात्रामागे मार्च १९४४ मध्ये रोममध्ये मारल्या गेलेल्या तेरेसा गुलाचे या गर्भवती स्त्रीची खरी हकिगत आहे.

१९४८ च्या 'लामोरे'त रोसेलिनीने पहिला भाग तिच्या एकटीच्या टेलिफोन संभाषणावर तोलला. पुढे तिच्याशी असलेलं प्रेमाचं नातं सोडून तो अभिनेत्री इन्ग्रिड बर्गमनकडे वळला, त्याची चविष्ट चर्चा अजूनही होते. त्यापेक्षा दिग्दर्शक व्हिस्कोंतीचा, मान्यानीची भूमिका असलेला 'बेल्लिसिमा' (१९५१) पाहण्यात वेळ घालवलेला बरा.

अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्सने 'द रोझ टॅटू' हे नाटक तिला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं, पण इंग्रजी रोज रंगमंचावर पेलणार नाही म्हणून तिने १९५१ मध्ये ब्रॉडवेला, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीला, नकार दिला. सिनेमात अडचण कमी होती: दृश्यं तुकड्यांत घेता येतात आणि तिची व्यक्तिरेखा सेराफिना ही सिसिलीहून अमेरिकेत आलेली शिवणकाम करणारी विधवा, तेव्हा उच्चार परका असणंच योग्य.

'मम्मा रोमा' (१९६२) करताना दिग्दर्शक पाझोलिनीशी तिचं पटलं नाही. त्याला छोटे शॉट घ्यायची सवय, तिला भावना चढत नेण्यासाठी सलग वेळ हवा असे. म्हणूनच त्यातले रात्रीच्या रस्त्यावरचे लांब, न कापलेले शॉट सर्वांत सरस वाटतात. नंतर भूमिका आटल्या. १९७१ मध्ये दिग्दर्शक आल्फ्रेदो जान्नेत्तीबरोबर तिने टीव्हीसाठी चित्रपट केले. त्यांतल्या 'ला शांतोझा'त ती पहिल्या महायुद्धात सैनिकांसमोर गायला जाणारी, उतारवयातली गायिका आहे. २६ सप्टेंबर १९७३ रोजी रोममध्येच कर्करोगाने तिचं निधन झालं.