एका पेटीत दोन जाती? मागणी नोंदवण्यापूर्वी वाचा

आम्ही सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी पेट्या बनवतो. मोठी पेटी घेणारे हमखास विचारतात, "एवढी जागा आहे, तर दोन-तीन प्रकारचे प्राणी ठेवता येतील ना?" आम्ही 'नको' म्हणतो. पेट्या विकणाऱ्यानं असं सांगितलं की दोन पेट्या गळ्यात मारायचा डाव वाटतो. तसं वाटणं साहजिक आहे, म्हणून कारणं इथे लिहून देत आहोत.

तापमानाचा मध्य काढता येत नाही

या प्राण्यांचं पचन आणि रोगप्रतिकारशक्ती बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालते. बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याला दिव्याखाली साधारण 40 अंश सेल्सिअस आणि कोरडी हवा लागते. पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा क्रेस्टेड गेको (पालीचा एक प्रकार) 22 ते 26 अंशांत खूश असतो, 28 च्या वर फार वेळ राहिला तर त्याला त्रास होतो आणि त्याला भरपूर दमटपणाही हवा. दोघांसाठी 32 अंश ठेवले, तर ड्रॅगनला खाल्लेलं नीट पचणार नाही आणि गेको उष्म्यानं हैराण होईल.

मग दोन्ही कोरड्या भागातले घेतले तर? बिअर्डेड ड्रॅगन आणि लेपर्ड गेको या जोडीबद्दल आम्हाला सर्वांत जास्त विचारणा होते. ड्रॅगन ऑस्ट्रेलियातला आणि दिवसा वावरणारा, गेको अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताकडचा आणि संध्याकाळी बाहेर पडणारा. एकाच्या झोपेत दुसऱ्याची धावपळ. शिवाय पूर्ण वाढलेला ड्रॅगन दीड-दोन फुटांचा, गेको फार तर दहा इंचांचा, आणि तोंडात मावेल ते गिळून बघायची ड्रॅगनची सवय. किंगस्नेक हा साप तर इतर साप खाण्यासाठीच प्रसिद्ध आहे. त्याच्या पेटीत दुसरा साप ठेवणं म्हणजे त्याला जेवण वाढणं.

"पण ते एकमेकांवर बसतात!"

असे फोटो आम्हाला बरेच येतात, सोबत बदामाची चिन्हंही. बहुतेक वेळा तिथे दिव्याखालच्या एकाच जागेसाठी चढाओढ चालू असते. वरच्याला उष्णता आणि यूव्हीबी (अतिनील) किरण मिळतात, खालच्याच्या वाट्याला सावली येते. यूव्हीबी सतत कमी पडलं की ड जीवनसत्त्व कमी पडतं, कॅल्शियम शोषलं जात नाही आणि हाडं मऊ होतात. अनेकदा चावाचावी एकदाही होत नाही. एक जण फक्त जास्त लपतो, कमी खातो, त्याची शेपूट बारीक होत जाते. पेटीत पातळ विष्ठा दिसली तर ती कुणाची, हेही कळत नाही. आमच्या मते एकत्र ठेवण्याचा सर्वांत मोठा तोटा हाच: आजार सुरू झाल्याचं उशिरा लक्षात येतं.

एकाला न बाधणारं दुसऱ्याला मारतं

'दोन्ही निरोगी आहेत' हे नुसतं बघून ठरत नाही. एंटामीबा इन्व्हेडन्स हा परजीवी कासवांच्या आतड्यात बहुधा निमूट राहतो. कासवाला काही होत नाही, पण तेच पाणी प्यायलेल्या सापाच्या किंवा सरड्याच्या आतड्याची चाळण होऊन तो दगावू शकतो. बोआ (अजगरासारखा मोठा साप) आणि अजगर यांचंही तसंच. 'इन्क्लुजन बॉडी डिसीज' नावाच्या आजाराचा संबंध ज्या विषाणूंशी आहे, ते 2012 मध्ये ओळखले गेले. बोआ ते अंगात घेऊन दीर्घकाळ धडधाकट दिसू शकतो. अजगरात मात्र मज्जासंस्थेची लक्षणं लवकर उमटतात आणि तो सहसा वाचत नाही.

क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी आणखी चिवट. त्यानं पछाडलेला गेको खात राहूनही वाळत जातो. त्यावर खात्रीचा उपचार नाही आणि नेहमीच्या ब्लीचनं पेटी धुतली तरी तो मरत नाही.

निसर्गात कसं जमतं मग?

उत्तर अमेरिकेतल्या गोफर कासवाच्या बिळात 350 हून अधिक जातींचे प्राणी आसरा घेतात, त्यांत सापही आले. पण नको वाटलं की त्यातला कुणीही बाहेर पडू शकतो. न्यूझीलंडचा सरड्यासारखा दिसणारा तुआतारा समुद्रपक्ष्यांच्या बिळात राहतो, आणि प्रसंगी त्यांची अंडी-पिल्लंही खातो! काही प्राणिसंग्रहालयं जाती एकत्र ठेवतात, पण तिथे खोलीएवढी दालनं, ऊन खायच्या अनेक जागा आणि रोज लक्ष ठेवणारी माणसं असतात.

मधे पार्टिशन टाकून?

करून देतो, पण काचेचं नाही. पलीकडचा प्राणी सतत दिसत राहिला की ताण राहतोच. अपारदर्शक फळी, खालून-बाजूनं बंद, दोन्हीकडे वेगळा थर्मोस्टॅट (तापमान राखणारं उपकरण) आणि वेगळी हवेची जाळी, असंच घ्या. मापाचा हिशेब आधी करा: चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच हे एका वाढलेल्या ड्रॅगनचं किमान माप. ते अर्धं केलं तर कुणाचंच भागत नाही. जागेची अडचण असेल तर एकावर एक बसणाऱ्या पेट्या घ्या. वरच्या पेटीला खालच्या दिव्याची झळ लागते, त्यामुळे गरम हवामानातला प्राणी वर ठेवा.

आधीच एकत्र ठेवले असतील तर

नवी पेटी येईपर्यंत थांबू नका. झाकणाला भोकं असलेला प्लास्टिकचा डबा, तळाला कागद, लपायची जागा, पाणी आणि थर्मोस्टॅटला जोडलेला हीट मॅट (विजेवर गरम होणारी चटई) एवढ्यावर काही दिवस निघतात. वेगळ्या ठिकाणी त्याच जातीचा जोडीदारही देऊ नका, नर-नर तर नकोच. दोघांचीही विष्ठा सरीसृपांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडून तपासून घ्या. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. चिमटे आणि पाण्याची भांडी वेगळी ठेवा, आणि ज्याच्याबद्दल शंका आहे त्याची पेटी शेवटी साफ करा. नवा प्राणी आणलात तर त्याला तीन महिने शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवा.

पेटीत आणखी हालचाल हवीच असेल, तर दमट पेटीत जिवंत झाडं लावून स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड हे इवले जीव सोडा. ते बुरशी आणि विष्ठा खातात. प्राण्यानं त्यातले काही मटकावले तरी बिघडत नाही.

मागणी नोंदवताना प्राण्याची जात, पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी, पेटी ठेवायच्या खोलीचं उन्हाळ्यातलं आणि थंडीतलं तापमान एवढं कळवा. त्यावरून दिवे आणि जाळीची जागा आम्ही ठरवून देतो.